स्वप्नात भान येणे

'ल्युसिड ड्रीम'ला मराठीत 'सुस्पष्ट स्वप्न' म्हणावं की 'योगनिद्रा', असा प्रश्न आला आहे. विचारणाऱ्याने पुढे लिहिलंय की रोजचं नामस्मरण सुरू केल्यापासून कधीकधी स्वप्नातच 'हे स्वप्न आहे' असं कळतं, पण वडिलांशी चाललेलं भांडण तरीही थांबत नाही. मग याला ल्युसिड म्हणायचं का?

हो, म्हणायचं. 'सुस्पष्ट' मात्र नको. स्वप्न लख्ख दिसणं वेगळं आणि ते स्वप्न आहे हे कळणं वेगळं. डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ सालच्या एका निबंधातून हा शब्द पुढे आणला. त्यातल्या 'ल्युसिड'चा रोख पाहणाऱ्याच्या शुद्धीवर आहे. भ्रमिष्ट रुग्ण मधेच शुद्धीवर येतो त्या काळाला डॉक्टर 'ल्युसिड इंटरव्हल' म्हणतात, तोच हा अर्थ. आपल्याकडे त्यासाठी 'भान' हा नेमका शब्द आहे.

'योगनिद्रा'ही नको. त्यात माणूस शवासनात पडून सूचना ऐकत झोपेच्या उंबरठ्यावर राहतो. इथे तो खरोखर झोपलेला असतो. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकाने हे नोंदवलं. स्वप्नं पडत असताना अंगाचे स्नायू ढिले पडलेले असतात, डोळे मात्र हलू शकतात. झोपलेल्या माणसाने आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून आतून खूण दिली.

आता मराठीची गंमत बघा. आपल्याला स्वप्न 'पडतं'. ताप येतो, भूक लागते, तसंच. कर्ता आपण नसतोच. 'मी स्वप्न पाहतो' म्हटलं की घराचं, नोकरीचं, परदेशी जायचं मनोरथ डोळ्यांपुढे येतं. 'स्वप्नद्रष्टा' हा शब्दही पुढाऱ्यांच्या गौरवात अडकलाय. त्यामुळे पडणाऱ्या स्वप्नात पाहणारा जागा झाला, हे सांगायला आपल्याकडे क्रियापद कमी पडतं.

पण तुकोबांना ते सापडलं होतं: 'नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें, सवें पांडुरंगें येऊनियां.' त्यांना अभिप्रेत होतं ते आजच्या प्रयोगशाळेतलं भान नव्हे, ही कवित्वाची आज्ञा होती. तरी 'स्वप्नामाजी जागें' हे तीन-चारशे वर्षं जुने शब्द मला आजच्या कुठल्याही पारिभाषिक संज्ञेपेक्षा जवळचे वाटतात. गुरूपदेशाच्या अभंगात तर तुकोबाच सांगतात की गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि 'पडिला विसर स्वप्नामाजी'. एवढा मोठा प्रसंग, आणि आठवण राहिली ती तुपाची!

साधनेशी नातं म्हणाल तर ते जुनंच आहे. पतंजलीने 'स्वप्ननिद्राज्ञानालम्बनं वा' म्हणत स्वप्नातल्या ज्ञानालाही चित्त स्थिर करायचा आधार मानलं. तिबेटी बौद्धांत नारोपा या बौद्ध सिद्धांच्या नावाने चालत आलेल्या सहा योगांपैकी एक स्वप्नयोगच आहे. तिथे स्वप्न ओळखायचं, भीतीचं दृश्य आलं तरी ते स्वप्नच आहे हे धरून ठेवायचं, आणि पुढे जागेपणीचं जगही त्याच नजरेने पाहायचं.

भांडण का थांबत नाही, याचं उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे: कळतं पण वळत नाही. भान म्हणजे कळणं, ताबा म्हणजे वळवणं, आणि संशोधकही या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. माझी मावशी पहाटे चारला उठून जप करायची. एकदा चहा गाळता गाळता म्हणाली, "स्वप्नात मला ठाऊक होतं गं, सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली. तरी त्यांच्यापुढे तोंड उघडेना." गाळणं हातात तसंच राहिलं होतं तिचं. मनातली ओढाताण भान आल्याने मिटत नाही, ती फक्त समोर दिसते.

म्हणून नाम हवं असेल तर 'सभान स्वप्न' लिहा. 'जागृत स्वप्न' टाळा, ते दिवास्वप्नाकडे झुकतं. बोलताना क्रियापदच वापरा, कारण भानही 'येतं', आपण ते आणत नाही. तुमचंच वाक्य मी असं लिहीन: 'वडिलांशी भांडता भांडता मला स्वप्नातच भान आलं, भांडण मात्र चालू राहिलं.'