तळणाचं तेल इंजिनात: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: तळणाचं वापरलेलं तेल चार पदरी मलमलीतून गाळून जुन्या डिझेल इंजिनात घालतो. दिसायला स्वच्छ असतं, तरी फिल्टर सारखा तुंबतो आणि सकाळी पांढरा धूर येतो. काय चुकतंय?

उत्तर: दोन गोष्टी. मलमलीतून पिठाचे बारीक कण सहज निसटतात, आणि पाणी तर कुठल्याच कापडाला दाद देत नाही. तळताना पदार्थातलं पाणी आणि मीठ तेलात उतरतं. हेच खारं पाणी पंप आणि इंधन फवारणारं नोझल गंजवतं. म्हणून आधी पाणी काढा, मग गाळा.

उभ्या पिंपात तेल साधारण 60 अंशांपर्यंत तापवा, हीटर बंद करा आणि आठवडाभर हात लावू नका. गरम तेल पातळ होतं, त्यामुळे पाणी आणि साका तळाशी बसतो. तेल घ्यायची तोटी तळापासून 15 सेंटीमीटर वर हवी. साका काढायला अगदी खाली वेगळी तोटी ठेवा. उघड्या जाळावर तापवू नका. तळाचं पाणी उकळलं की तेल फसफसून बाहेर येतं आणि पेट घेतं. थर्मोस्टॅटचा बुडीत हीटर वापरा, पण तो तेलाबाहेर उघडा पडू देऊ नका.

पाणी गेलं का? कोरड्या पातेल्यात दोन चमचे तेल 130 अंशांपर्यंत तापवा. तडतडलं किंवा बारीक बुडबुडे सुटले, तर पाणी आहे. एवढंसंच तेल घ्या आणि चेहरा लांब ठेवा.

आता गाळणं. 100, 25 आणि शेवटी 5 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळण पिशव्या लावा. इथे बहुतेकजण घाई करतात आणि गरमच गाळतात. गरम तेलात घट्ट होणारी चरबी वितळलेली असते. ती पिशवीतून पार होते आणि थंडीत इंजिनाच्या फिल्टरमध्ये थिजते. शेवटची गाळणी तेल गार झाल्यावरच करा. वेळ जाईल, जाऊ द्या. पिशवी पिळलीत तर अडकलेले कण पुन्हा तेलात येतील.

धुराचं कारण मात्र गाळणीत नाही. साध्या तापमानाला हे तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असतं. त्याची फवारणी नीट होत नाही आणि थेंब न जळताच बाहेर पडतात. त्यासाठी दोन टाक्या ठेवा, एक डिझेलची आणि एक या तेलाची. इंजिन डिझेलवर सुरू करा, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) 70–80 अंशांवर गेल्यावर दुसऱ्या टाकीतल्या तापवलेल्या तेलावर या. बंद करण्याआधी काही मिनिटं पुन्हा डिझेलवर चालवा, नाहीतर नळीत राहिलेलं तेल सकाळी त्रास देईल.

प्रश्न: इंजिन ऑइल कधी बदलावं?

उत्तर: नेहमीच्या निम्म्या अंतरावर. न जळलेलं तेल पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली उतरतं आणि इंजिन ऑइलचा डिंकासारखा लगदा होतो. इंधनाची नळी तांब्याची असेल तर काढून टाका, तांब्यामुळे हे तेल लवकर खराब होतं.

प्रश्न: नव्या कॉमन रेल (खूप जास्त दाबानं इंधन फवारणाऱ्या) गाडीत चालेल?

उत्तर: नाही. तिच्या इंजेक्टरला, म्हणजे इंधन फवारणाऱ्या भागाला, इतकं दाट तेल झेपत नाही. आणि हो, तेलकट चिंध्या ढिगात टाकू नका, त्या आपोआप पेटतात.