हेलपाटा

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

सजा, म्हणजे तुझ्या वाट्याची गावं, मिळाला, कागदपत्रांचं दप्तर ताब्यात आलं, चार्ज यादीवर सही झाली. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गाव तुला तलाठी मॅडमच म्हणणार. विदर्भात असतीस तर पटवारी. तू विचारलंस, या खुर्चीत बसून खरंही वागायचं आणि माणुसकीनंही, हे जमतं का? जमतं. फक्त माणुसकी म्हणजे नोंद जराशी वाकवणं, हा समज डोक्यातून काढून टाक. आपल्या कामात माणुसकी मोजायची ती हेलपाट्यांत. एका कामासाठी माणसाला तुझ्या दारात किती वेळा यावं लागलं? प्रत्येक हेलपाट्यामागे एक बुडालेला रोज आणि येण्याजाण्याचं भाडं असतं.

म्हणून कागद तोंडी सांगत जाऊ नकोस. आज मृत्यूचा दाखला, परवा प्रतिज्ञापत्र, पुढच्या सोमवारी आधारची झेरॉक्स, असं तुकड्यातुकड्यानं सांगितलं की तीन हेलपाटे तिथेच झाले. नेहमीच्या पाच-सहा कामांच्या चिठ्ठ्या छापून ठेव आणि हातात दे. अर्ज घेतलास की त्याच क्षणी तारीख घालून पोच दे. हक्कसंपादनाची, म्हणजे जमिनीत कुणाला नवा हक्क मिळाल्याची, खबर मिळाल्यावर पोच देणं जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ नं तलाठ्यावर बंधनकारकच केलंय, तरी बहुतेक ठिकाणी ती मागावी लागते. तुझ्याकडे गावं अनेक असतील; कोणत्या वारी कुठल्या गावात हे दारावर लाव, आणि तहसीलला अचानक बैठक लागली तर सकाळीच कोतवालाकरवी गावात कळव. कुलूप बघून परत गेलेला माणूस तुझ्या प्रामाणिकपणाचं काय करणार?

वारस नोंदीत मात्र जपून. सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो, आणि तोही कोणी पैसे न खाता. "पोरं किती?" असं विचारलंस तर उत्तरात फक्त मुलगे मोजले जातात. विचारायचं असं: "मुलगे-मुली मिळून किती झाली, वारलेली धरून?" मग पुढे: मयताची आई हयात आहे का? हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या मिळकतीत आई पहिल्या वर्गाची वारस आहे, आणि ओसरीवर बसलेली ती म्हातारी हमखास राहून जाते. आधी वारलेल्या मुलाची बायको आणि लेकरं? अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, वारसाच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे त्याचा पालक, म्हणून कोण? ही उत्तरं एकट्या अर्जदाराकडून घेऊ नकोस. पोलीस पाटील, शेजारचा खातेदार आणि जमलं तर घरातली एखादी बाई, यांना वेगवेगळं विचार.

मुलींचा वाटा भावाइतकाच, हे २००५ च्या दुरुस्तीनं स्पष्ट केलंय. तरी भाऊ म्हणतील, "बहिणींची हरकत नाही, स्टँपवर लिहून आणलंय." नोटरी केलेल्या कागदानं हक्क सुटत नाही, हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच लागतं. तेव्हा आधी सगळ्यांची नावं लागतील, मग ज्याला सोडायचंय त्यानं रीतसर सोडावं, एवढं शांतपणे सांग. बहिणीनं हक्क सोडावा की ठेवावा हे ठरवणं तुझं काम नाही. माहेर तुटेल ही तिची भीती खरी असते, तिला तू कायद्याचं व्याख्यान देऊ नकोस. पण नोटीस तिच्याच हातात पडली पाहिजे. भावानं बहिणीची सही केली आणि नोटीस 'बजावली' झाली, हा आपल्या खात्यातला जुना रोग. तिचा सासरचा पत्ता घे, स्पीड पोस्टानं पाठव, वर एक फोन कर. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली तर पोच देऊन तक्रार रजिस्टरला घे. तिथे तुझा निकाल चालत नाही, तो वरचे देतील. कुणाची बाजू खरी वाटते ते चेहऱ्यावरही दिसू देऊ नकोस.

आता अवघड गोष्ट. संजय गांधी निराधार योजनेसाठी वर्षाला एकवीस हजारांच्या आतलं उत्पन्न लागतं. भागाकार कर, दिवसाला ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. मर्यादाच तुटपुंजी आहे, असं माझं स्वच्छ मत आहे. पण माझ्या मतानं दाखला निघत नाही. इथे तलाठी दोन तऱ्हेनं चुकतात. एक जण सरसकट सगळ्यांना एकवीस हजार लिहितो, दारात ट्रॅक्टर असणाऱ्यालाही. दुसरा टेबलावर बसून मजुरीला तीनशे दिवसांनी गुणतो आणि साठीच्या विधवेला बाद करतो. दोघंही घरी गेलेले नसतात. तू जा. मागच्या वर्षी खुरपणीला, काढणीला, वेचणीला किती दिवस काम मिळालं, ते महिन्यामहिन्यानं विचार. अडीचशे रोज धरला आणि सत्तर दिवस भरले, तर साडेसतरा हजार होतात; ते लिहायला तुला कुणाची भीती नको. मुलगा वेगळा राहतो म्हणते, तर चूल वेगळी आहे का ते बघ. रेशनकार्ड बघ. जे दिसलं ते जबाबात घे. आणि बसत नसेल तर त्याच दिवशी सांग, "आजी, यात बसत नाही, ह्या कारणानं." "बघू", "पुढच्या महिन्यात या" असं म्हणणं ऐकायला गोड वाटतं, पण ते नुसतं खोटं आणि फुकटचे हेलपाटे.

पीक नुकसानीच्या पंचनाम्यातही हीच कसोटी. मदतीची रेघ ३३ टक्क्यांवर आहे, म्हणजे तीस आणि पस्तीस यांच्यामध्ये एका घरची दिवाळी असते. बांधावरून अंदाज ठोकू नकोस. आत शिरून निदान तीन ठिकाणी उभी आणि पडलेली झाडं मोज, कृषी सहायक आणि ग्रामसेवक सोबत असताना, शेतकऱ्यासमोर. आकडा त्याला तिथेच सांग. शेत बटाईनं असेल तर पैसा खातेदाराच्या नावावर जाईल हेही तिथेच बोल, म्हणजे कसणाऱ्याला ते बँकेत कळायला नको.

शेतकऱ्यानं जीव दिला असेल त्या घरी जाशील तेव्हा खुर्ची मागू नकोस. पहिल्याच प्रश्नात दारूचं नाव काढू नकोस. सोसायटी आणि बँकेच्या कर्जाचे कागद, सातबारा, एवढं घरातल्या जाणत्या माणसाकडून घे. त्या बाईला तेवढ्यासाठी उठवू नकोस. एक लाखाची मदत मंजूर होते की नाही हे समिती ठरवेल. वारस नोंदीचा अर्ज मात्र आपणहून लिहून घे. ते तुझ्या हातात आहे.

पैशाचं थोडक्यात. लाच पाकिटातून येते असं वाटतं तुला, ती येते खाजगी मदतनिसातून. दप्तर सांभाळायला, संगणकावर बसायला आधीच्यांनी पोरगा ठेवलेला असेल. त्याचा पगार सरकार देत नाही, तू तुझ्या पगारातून देणार नाहीस, मग देतं कोण? ठेवायचाच असेल तर उत्तर आधी शोध. डिजिटल सही आणि लॉगिन त्याच्या हातात देणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा. डिजिटल सातबाऱ्याचे पंधरा रुपये लागतात, ते ठळक लिहून लाव आणि ड्रॉवरमध्ये पाचची नाणी ठेव. सुट्टे नाहीत म्हणून वीस, इथूनच सुरुवात होते.

वरून तोंडी हुकूम येईल, "ती नोंद आजच धर." भांडू नकोस, शहीद व्हायची गरज नाही. वेळेसह दैनंदिनीत लिही आणि 'मार्गदर्शन होण्यास विनंती आहे' असं एक पानी पत्र वरच्या कचेरीत आवकला, म्हणजे आलेल्या पत्रांच्या नोंदीला, दे. बहुतेक हुकूम तिथेच विरघळतात. जो विरघळणार नाही, तो निदान लेखी येईल.

तुझ्या हातूनही चूक होणार. ४ आरच्या जागी ४० आर पडतील. नोंद प्रमाणित झाल्यावर तुला ती खोडता येत नाही. कलम १५५ खाली लेखनप्रमाद म्हणून तहसीलदारांकडे जावं लागतं. तेव्हा शेतकऱ्याला अर्ज करायला लावू नकोस. अहवाल तू स्वतः पाठव, आणि त्यात 'नजरचुकीने' हा शब्द लिहिताना नजर कुणाची तेही लिही. आणखी एक, शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो नि सातबारा हेक्टर-आरमध्ये. दोन्हीत वाचून दाखव, अर्ध्या चुका सही होण्याआधीच सापडतील.

एक दिवस स्वतःचं बोलणं ऐक. बागायतदाराला 'या, बसा' आणि पारध्याच्या, कातकऱ्याच्या म्हाताऱ्याला 'काय रे' होतंय का? वस्तीवरच्या माणसाला खुर्ची दिलीस की पहिले काही दिवस तो बसणार नाही. तरी ठेव.

वसुलीचं यात घेतलं नाही. ते निराळं आहे, मार्चचा ताण सुरू व्हायच्या आत लिहीन. तोवर आधीच्या तलाठ्यानं टाकून ठेवलेले वारसांचे अर्ज कपाटातून काढ, तारखेप्रमाणे लाव आणि सगळ्यात जुन्या अर्जदाराला स्वतः फोन कर.

तुझे काका