हिस्टेरियावर डॉक्टर खरोखर काय उपचार करत असत?

एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर हिस्टेरिया (झटके, लुळेपणा, श्वास कोंडणे अशा लक्षणांना दिले जाणारे जुने निदान) झालेल्या स्त्रियांवर कंपन-यंत्राने लैंगिक तृप्तीचा उपचार करत आणि तो त्या काळी सर्वमान्य होता, हे खरे का, असे आपण विचारले आहे. ते खरे नाही. इतिहासकार रेचेल मेन्स यांच्या १९९९ सालच्या पुस्तकामुळे ही कथा जगभर पसरली. पुढे २०१८ साली हॅली लीबरमन आणि एरिक शॅट्झबर्ग यांनी त्या पुस्तकातले संदर्भ एकेक करून तपासले, तेव्हा त्यांपैकी एकातही असा उपचार केल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. ज्यांच्या यंत्राचा या संदर्भात नेहमी दाखला दिला जातो, त्या ब्रिटिश डॉक्टर जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल यांनी तर आपण स्त्रियांवर ते वापरण्याचे टाळतो, असे १८८३ मध्ये स्वतःच लिहून ठेवले आहे. ही कथा मला खटकते ती केवळ चुकीची आहे म्हणून नव्हे, तर तिच्यामुळे त्या स्त्रियांनी प्रत्यक्षात जे सोसले ते झाकले जाते म्हणून.

रोगाचे मूळ ज्या अवयवात आहे असे वैद्यांनी मानले, त्या अवयवावर उपचाराचा भार पडत गेला. गर्भाशय शरीरात वर सरकतो आणि श्वास कोंडतो, अशी प्राचीन ग्रीक वैद्यकातली समजूत होती. म्हणून तो खाली हटावा यासाठी नाकाशी दुर्गंधी आणि योनीशी सुगंधी द्रव्ये धरली जात. गर्भाशय म्हणजे वासाच्या मागे बिळातून बाहेर येणारे जनावर नव्हे, हे सोरेनस या वैद्याने दुसऱ्या शतकातच बजावले होते, तरीही ही पद्धत पुढे कित्येक शतके टिकली. (आपल्याकडे फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतात. त्याचा या ग्रीक समजुतीशी संबंध आहे असे मी म्हणत नाही. पण कृपया तसे करू नका, रुग्णाला फक्त कुशीवर वळवा.)

एकोणिसाव्या शतकात उपचार अधिक कठोर झाले. लंडनचे शस्त्रवैद्य आयझॅक बेकर ब्राऊन स्त्रियांचे शिश्निकाच्छेदन करत, म्हणजे त्यांची शिश्निका (क्लिटोरिस) कापून काढत; १८६७ साली तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने त्यांना काढून टाकले. अमेरिकेत रॉबर्ट बॅटी यांनी १८७२ पासून अंडाशय काढण्याची जी शस्त्रक्रिया रूढ केली, ती पुढे मानसिक तक्रारींसाठी, धडधाकट अंडाशयांवरही होऊ लागली. तिथलेच डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांच्या विश्रांती-उपचारात शस्त्र नव्हते, पण आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहायचे, दूध प्यायचे आणि वाचन-लेखन वर्ज्य करायचे. १८८७ साली हा उपचार घेतलेल्या लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांना तर घरी परतताना पुन्हा कधीही लेखणी हाती धरू नका, असे सांगण्यात आले होते.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. तिथले मज्जासंस्थातज्ज्ञ ज्याँ-मार्तँ शार्को यांनी हिस्टेरिया हा मज्जासंस्थेचा विकार असून तो पुरुषांनाही होतो, हे ठामपणे मांडले, आणि हे त्यांचे मोठे योगदान आहे. मात्र त्याच रुग्णालयात झटका थांबवण्यासाठी स्त्रियांचे अंडाशय पोटावरून दाबले जात आणि त्यासाठी पट्ट्याने कमरेला बांधून स्क्रूने आवळायचे एक उपकरणही होते. १८७५ साली ऑगस्टीन नावाची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी तिथे दाखल झाली. तिच्यावर बलात्कार झाला होता आणि झटक्यांत ती त्याबद्दल बोलत असे. डॉक्टरांनी ते शब्द टिपून घेतले, तिची छायाचित्रे काढून प्रसिद्ध केली, तिला ईथर आणि क्लोरोफॉर्म दिले. पण तिच्या बोलण्यात तिच्या आजाराचा धागा असू शकेल, या दृष्टीने त्याकडे पाहिले गेले नाही. १८८० साली ती पुरुषाच्या वेशात रुग्णालयातून पळून गेली. १८८५-८६ च्या हिवाळ्यात मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड शार्को यांच्याकडे शिकायला आले, तोवर तिला जाऊन पाच वर्षे झाली होती.

१९८० साली अमेरिकन मनोविकार वर्गीकरणातून हिस्टेरिया हे निदान वगळले गेले, तरी रुग्ण कुठेही गेलेले नाहीत. आज त्यांच्या आजाराला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, म्हणजे मज्जासंस्थेच्या कार्यातला बिघाड, म्हणतात. मी फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे असे रुग्ण मला नेहमी भेटतात आणि 'नाटक करते' हे वाक्य घरच्यांकडून ऐकूनच ते आलेले असतात. चार्ल्स हूव्हर यांनी १९०८ साली वर्णन केलेली एक तपासणी अशा वेळी मला फार उपयोगी पडते. रुग्णाला उताणे झोपवून लुळ्या पायाची टाच खाली दाबायला सांगितले, तर जोर लागत नाही. पण चांगला पाय माझ्या हाताच्या विरोधात उचलायला सांगितला, की लुळ्या पायाची टाच आपोआप खाली दाबली जाते. पूर्वी हीच खूण रुग्णाला खोटे पाडण्यासाठी वापरली जाई. मी रुग्णाचाच हात त्या मांडीच्या मागच्या बाजूला ठेवते आणि तिथला स्नायू घट्ट होताना त्याला स्वतःला जाणवू देते: पायात ताकद आहे, मेंदूकडून तिथवर पोहोचण्याची वाट तेवढी बिघडली आहे. मग लक्ष पायावरून काढून चालण्याच्या लयीकडे नेत आम्ही सरावाला सुरुवात करतो.