निराधारचा पगार आणि बायकोची नोकरी

प्रश्न : ताई, विहिरीच्या कामावर पडलो आणि कमरेखाली लुळा झालो. संजय गांधी निराधारचे 1500 मिळायचे, आता 2500 येतात. बायकोला वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळतंय, महिना 6,000. लोक म्हणतात, तुझा निराधारचा पगार बंद होईल. तिने काम धरावं का?
– एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर : दादा, वहिनींना काम धरू द्या. हे आधीच सांगते, कारण पुढचा हिशेब वाचून मन कच्चं होईल.

लोक सांगतात ते खरं आहे. दिव्यांगांना या योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 आहे. वहिनींचेच 72,000 होतील. तुमचे 30,000 गेले, तर घरात भर पडेल ती 42,000 ची. ऑक्टोबर 2025 पासून रक्कम वाढली ती चांगलीच गोष्ट झाली. दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त द्या, असं 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो, तरी तोवर सगळ्यांना सारखेच 1500 होते. पण मर्यादा तिथेच ठेवल्याने कमावत्या घराचं नुकसान 18,000 वरून 30,000 वर गेलं. लाडकी बहीण योजनेला अडीच लाखांची मर्यादा चालते. मग आपल्याला 50,000 ची का? मला याची चीड येते.

उत्पन्न मात्र लपवू नका. उद्या वसुली निघाली तर भरणार कुठून?

मीही मणक्याच्या दुखापतीने चाकाच्या खुर्चीवर आहे, म्हणून विचारते : वहिनी कामावर असताना तुम्हाला कुशीवर कोण वळवणार? अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदललीच पाहिजे, नाहीतर एकाच जागी दाब पडून जखमा होतात. खुर्चीत बसलात तर थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचला. वहिनींना रोज रात्री माकडहाड आणि टाचा बघायला सांगा. लाली दिसली आणि दाबूनही गेली नाही, तर त्या जागेवर भार देऊ नका, दवाखाना गाठा. एक जखम चिघळली की वर्षाची कमाई ड्रेसिंगमध्ये जाते.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. पाण्याच्या गादीसाठी त्यातून मागणी करा. तोंडी नको, ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.