‘उघडपणे’ गाळला आणि फसलो

तुम्ही पज हेफलफिंगरवर लेख लिहिताय आणि एका जुन्या पुस्तकात पहिला व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटू म्हणून जॉन ब्रॅलियरचं नाव निघालं. आता खरा कोण, म्हणून अडलाय. याच खड्ड्यात मी पडलोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

ब्रॅलियरने १८९५ मध्ये लॅट्रोब गावाच्या संघाकडून जेनेट गावाविरुद्ध खेळायला दहा डॉलर आणि वरखर्च घेतला, तोही उघडपणे. दिवाळी अंकासाठी लिहिताना शब्दमर्यादेपायी मी नेमका हा ‘उघडपणे’ उडवला आणि ‘पैसे घेणारा पहिला’ असं ठोकून दिलं. अंक बाजारात आल्यावर महिन्याभराने हेफलफिंगरचा हिशेब वाचनात आला. दुरुस्तीसाठी अंकाच्या कार्यालयात (नाव घेत नाही) तीन फोन, दोन पत्रं. उत्तर काय, तर ‘पुढच्या दिवाळीला बघू’. पुढच्या दिवाळीपर्यंत संपादकच बदलले. मानधनही बुडालं, पैसे घेऊन खेळणाऱ्यांवर मी फुकट लिहिलं!

तो हिशेब म्हणजे अ‍ॅलेघेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशन या क्लबचा जमाखर्चाचा कागद. १२ नोव्हेंबर १८९२, पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लबविरुद्धचा सामना. हेफलफिंगरला अ‍ॅलेघेनीकडून खेळण्याबद्दल रोख ५०० डॉलर, वर प्रवासखर्च २५. हौशी खेळाडूने पैसे घेणं नियमाबाहेर, म्हणून सगळं गुपचूप. गडी येल विद्यापीठाचा गार्ड (पुढच्या फळीतला खेळाडू), १८८९ ते १८९१ सलग तीन वर्षं ऑल-अमेरिका, म्हणजे देशभरच्या निवडक कॉलेज खेळाडूंच्या संघात. त्याला आणि बाहेरून आणलेल्या इतरांना पाहून पिट्सबर्गवाले खेळायलाच तयार होईनात. शेवटी पैजा रद्द करून सामना झाला. हेफलफिंगरनेच समोरच्याच्या हातून चेंडू पाडला, उचलला आणि पळत जाऊन टचडाउन केला (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला), निकाल ४-०. माझ्या मते ५०० वसूल! तो कागद उजेडात यायला कित्येक दशकं गेली. तोवर मान ब्रॅलियरकडेच होता, तेव्हा त्या जुन्या पुस्तकावर चिडू नका.

टचडाउनला तेव्हा चारच गुण होते, आजच्यासारखी सहाची ‘दुरुस्ती’ करू नका. गार्डचं ‘रक्षक’ तर मुळीच नको, वाचकाला गोलरक्षक दिसतो.

मी इतिहासकार नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. जमाखर्चावर विश्वास जरा जास्तच. तरी मी तुमच्या जागी असतो तर ‘पैसे घेतल्याची नोंद सापडलेला पहिला’ असं लिहिलं असतं. त्याच्याआधी कुणी घेतले असतील, तर त्याने पावती थोडीच दिली असेल?

आणि मुद्रितं स्वतः तपासा. माझ्या लेखात पिट्सबर्गचं पीटर्सबर्ग झालं होतं.