60 वारांची वेळ 60 मीटरला कशी लावायची?

प्रश्न : अमेरिकी धावपटू बॉब हेजने 1964 साली इनडोअर 60 वार (यार्ड) 5.9 सेकंदांत कापले होते. या वेळेला 1.0936 ने (एका मीटरचे वार) गुणले की 60 मीटरची वेळ निघेल ना? (क्रीडाशिक्षक, इंदूर)

अंतराला खुशाल गुणा, वेळेला नको. वार म्हणजे 0.9144 मीटर, हे 1959 पासून पक्के आहे. म्हणजे 60 वार झाले 54.864 मीटर; 60 मीटरला कमी पडतात 5.136 मीटर. हा उरलेला तुकडा धावपटू भरवेगात असताना येतो. गुणाकार मात्र ब्लॉकमधून (सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांवरून) उठतानाचा संथपणा त्यालाही वाटून देतो. उसेन बोल्टच्या 100 मीटरच्या 9.58 सेकंदांच्या धावेत पहिल्या 10 मीटरला 1.89 सेकंद गेले, 50 ते 60 मीटरला फक्त 0.82.

आता हेजची वेळ. ती हाताने घेतलेली, आणि अशी वेळ विजेवरच्या वेळेपेक्षा कमी भरते, म्हणून आधी 0.24 मिळवा : 6.14. सेकंदाला 11.3 मीटर वेग धरला तर 5.136 मीटरला 0.45 लागतात. उत्तर साधारण 6.59. 6.14 ला 1.0936 ने गुणले असते तर 6.71 आले असते. एवढ्या फरकात अंतिम फेरीतले चार जण मावतात! शाळेतला मुलगा शेवटी सेकंदाला 8 मीटरने धावत असेल, तर त्याला 0.45 नव्हे, 0.64 मिळवावे लागतील. म्हणून प्रत्येकाच्या शेवटच्या 10 मीटरची वेळ वेगळी घ्या आणि तिच्यावरूनच हिशेब करा.

जुन्या अमेरिकी निकालांत 55 मीटर दिसले तर फार डोके खाजवू नका. ते 60 वारांहून जेमतेम 13.6 सेंटिमीटर जास्त, म्हणजे सुमारे एक शतांश सेकंद. खरी गफलत होते ती हाताची आणि विजेवरची वेळ एकाच तक्त्यात घातल्याने.

प्रश्न : पुरुषांच्या 60 मीटर अडथळ्यांत 13.72, 9.14, 9.72 मीटर असे अंतरांचे विचित्र आकडे का? (वाचक, इंदूर)

वारांचे आकडे मीटरचा सदरा घालून बसलेत. सुरुवातीपासून पहिला अडथळा 15 वारांवर, पुढचे दहा-दहा वारांवर. उंची 3 फूट 6 इंच, म्हणजेच 1.067 मीटर. दोन अडथळ्यांमध्ये नऊवारी पसरली तर वारभर जागा उरेल. पाच अडथळ्यांचा हिशेब : 13.72 अधिक चार वेळा 9.14, झाले 50.28. शेवटचे 9.72 हे बेरीज 60 व्हावी म्हणून उरलेले. त्यात वार शोधू नका.

प्रश्न : जुन्या गिरणीची 70 मीटर लांब शेड मिळते आहे. 60 मीटरची लेन बसेल का? आखताना काय सांभाळावे? (प्रशिक्षक, इंदूर)

नाही बसणार. सुरुवातीच्या रेषेमागे 3 मीटर आणि शेवटच्या रेषेपुढे किमान 10 मीटर मोकळे हवेत, म्हणजे 73 मीटर झाले. 55 मीटर मात्र 68 मध्ये बसते. समोरच्या भिंतीला जाड गाद्या लावाच. दहा मीटरांत सगळेच थांबतात असे नाही.

आखताना टेप सुरुवातीच्या रेषेच्या मागच्या कडेला लावा आणि शेवटच्या रेषेच्या अलीकडच्या कडेपर्यंत मोजा. रेषा 5 सेंटिमीटर रुंद असते. पलीकडची कड धरलीत तर लेन तेवढीच आखूड होते. कापडी टेप ताणला जातो, म्हणून पोलादी वापरा. त्यावरच्या खुणा 20 अंश तापमानासाठी असतात. मे महिन्यात 40 अंशांत तो 55 मीटरला सुमारे 13 मिलिमीटर लांबतो, म्हणजे लेन किंचित मोठी होते, ते चालते. डिसेंबरच्या पहाटे 10 अंशांत तोच 6 मिलिमीटर आकसतो आणि लेन आखूड पडते. हिवाळ्यात आखत असाल तर सेंटिमीटरभर जास्तच धरा.