गोठ्याच्या फिटिंगला लोखंडी पाइप की पीव्हीसी?

घरापासून शंभर फुटांवरच्या गोठ्यात दोन एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी आणि चार दिवे चालवायचेत, वायर लोखंडी पाइपातून न्यावी की पीव्हीसीच्या, असं तुम्ही विचारलंय. पीव्हीसी घ्या. वायरमनचं काम करताना गोठ्यात लोखंडी पाइप लावायचं मी केव्हाच बंद केलंय.

त्याला कारण घडलं. ओळखीच्या एका गोठ्यात दोन गाई गव्हाणीला तोंड लावीनात. वैरण टाकली की मान पुढे करायच्या आणि झटकन मागे घ्यायच्या. मालकाला वाटलं, कडब्याला बुरशी लागलीय. मी शेजारच्या पाइपाला टेस्टर लावला, तर तो पेटला. जमिनीपासून वीतभर उंचीवर मुतानं पाइप खाल्ला होता, पापुद्रे हातात येत होते. आत कापलेल्या तोंडाची धार लागून वायर सोललेली, अर्थिंगची तार गंजून तुटलेली. जनावर ओल्यात उभं असतं, पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त. आपल्याला जाणवणारही नाही एवढ्या व्होल्टेजचाही त्याला झटका बसतो. गाई वाचल्या, पण तो गोठा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पीव्हीसीतही लाइट, मीडियम, हेवी असे प्रकार येतात. लाइट घेऊच नका. वर छताखाली 25 मिमीचा मीडियम चालतो, बोर्डाकडे खाली उतरणारा तुकडा हेवीच हवा, कारण जनावरं अंग घासतात. पाइपावर आयएस 9537 हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलाय का, बघून घ्या. आडवी लाइन सात-आठ फुटांच्या वर ठेवा. पत्र्याखाली उन्हाळ्यात तीन मीटरचा पाइप पाच-सहा मिलिमीटर सहज लांबतो, म्हणून सॅडल, म्हणजे पाइप धरून ठेवणारी पट्टी, घट्ट आवळू नका. बोर्डात पाइप खालून घाला, वरून घातला तर पावसाचं पाणी थेट आत येतं.

घर ते गोठा हा टप्पा मात्र वेगळा. हा फिटिंगचा पाइप मातीत पुरू नका. तिथं 4 स्क्वेअर मिमीची तांब्याची तीन कोअर आर्मर्ड (वरून धातूच्या तारांचं कवच असलेली) केबल अडीच फूट खोल टाका. खाली-वर वाळू आणि त्यावर विटांचा थर द्या, म्हणजे पुढे कुणी कुदळ मारली तरी आधी वीट लागेल. अडीच स्क्वेअर मिमीची वायर कागदावर बसते, पण कडबाकुट्टी सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते आणि एवढ्या लांबीवर व्होल्टेज पडतं. केबलच्या आर्मरला ग्लँडपाशी, म्हणजे केबल बोर्डात शिरते तिथं तिला धरणाऱ्या तुकड्यापाशी, अर्थिंग जोडायला विसरू नका.

घराकडच्या टोकाला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन आपोआप तोडणारी स्विच, बसवा. पैसे कमी पडत असतील तर दोन दिवे कमी करा, ही सोडू नका. महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाबून बघा. दाबल्यावर ट्रिप झाली नाही, तर ती बदलेपर्यंत गोठ्याची लाइन बंद ठेवा.